जनावरांतील डासजन्य विषाणू आजारांचा जोखीम-नकाशा : नागपूर जिल्ह्यात काम करणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

'जोखीम-नकाशा' या नावाने जे अहवालांत आणि सादरीकरणांत दाखवले जाते, ते पुष्कळदा जोखमीचे चित्र नसते. मागील वर्षी ज्या तालुक्यांतून आजाराची नोंद आली त्यांना लाल रंग दिलेला असतो आणि उरलेले हिरवे ठेवलेले असतात. अशा नकाशात दवाखाना कुठे आहे, रस्ता कुठे चांगला आहे आणि कोणता पशुधन पर्यवेक्षक तत्परतेने कळवतो, हे आजारापेक्षा अधिक स्पष्ट दिसते. ज्या गावातून कोणी काहीच कळवले नाही ते गाव सुरक्षित समजले जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात माणसे, औषधे व रक्तनमुन्यांच्या नळ्या त्या गावाला वगळून पुढे जातात. ही चूक वारंवार होते, आणि तिची किंमत जनावर पाळणाऱ्या घरांना मोजावी लागते.

आजार जिथे नोंदला गेला ती जागा आणि तो जिथे उद्भवू शकतो ती जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोखीम-नकाशा दुसरीसाठी असतो. पुढील टप्पे जपानी मेंदूज्वर या माणसांनाही होणाऱ्या आजाराला धरून लिहिले आहेत, कारण डास, डुकरे, बगळे आणि धानाच्या बांध्या (पाणी अडवलेली बांधाची शेते) या चारही गोष्टी नागपूर जिल्ह्यात एकत्र आढळतात. तिवा (तीन दिवसांचा ताप) आणि लम्पी (त्वचेवर गाठी आणणारा आजार) या गुरांच्या आजारांसाठी काय बदलावे लागते, ते शेवटच्या टप्प्यांत दिले आहे.

टप्पा १ : संगणक उघडण्यापूर्वी प्रश्न लिहून काढावा

एका कागदावर चार गोष्टी लिहाव्यात : आजार कोणता, जनावर कोणते, कालावधी कोणता आणि या नकाशावरून कोणता निर्णय घ्यायचा आहे. "नागपूर जिल्ह्यातील डासजन्य आजारांची जोखीम" हा प्रश्न नव्हे. "ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांमध्ये वाढण्याची शक्यता कोणत्या गावांच्या आसपास सर्वाधिक आहे, म्हणजे तिथे आधी रक्तनमुने घेता येतील" हा प्रश्न आहे. दुसऱ्या प्रकारे लिहिले की कोणती माहिती लागेल आणि कोणती लागणार नाही, हे आपोआप ठरते.

निर्णयावरून चौकटीचा, म्हणजे नकाशा ज्या लहान चौरसांत विभागायचा त्यातल्या एका चौरसाचा, आकारही ठरतो. तालुक्यांमध्ये लसींचा साठा वाटायचा असेल, तर गावनिहाय नकाशा चालतो. डासनियंत्रणाचे पथक पाठवायचे असेल, तर गावठाणाची कोणती बाजू हे कळावे लागते.

सावधान : एकाच नकाशात सर्व आजार बसवण्याचा मोह टाळावा. अशा नकाशावर सगळीकडे मध्यम जोखीम दिसते आणि त्यावरून कोणालाही काही करता येत नाही.

टप्पा २ : आजाराची साखळी कागदावर काढावी

जपानी मेंदूज्वराचा विषाणू प्रामुख्याने क्युलेक्स विष्णुई गटातील डासांमार्फत पसरतो, आणि त्या गटात क्युलेक्स ट्रायटेनिओऱ्हिंकस हा महत्त्वाचा. हे डास साचलेल्या, उघड्या, वनस्पती असलेल्या पाण्यात अंडी घालतात. धानाच्या बांध्या, कालव्याची गळती, कडेचे चर आणि पाणवनस्पतींनी भरलेल्या बोड्या (लहान तळी) ही त्यांची ठिकाणे. ते मुख्यतः सांजवेळी आणि रात्री, उघड्यावर चावतात आणि माणसापेक्षा गुराढोरांकडे अधिक ओढले जातात.

आता यजमान, म्हणजे ज्यांच्या शरीरात विषाणू शिरतो ते प्राणी. डुकराच्या रक्तात विषाणू काही दिवस इतक्या प्रमाणात असतो की त्याला चावलेला डास संसर्गित होतो. म्हणून डुक्कर हा विषाणू वाढवणारा यजमान आहे. ढोकरी, गायबगळा, रातबगळा यांसारखे पाणथळ जागेचे पक्षीही विषाणू वाढवतात. गाय, म्हैस आणि घोडा यांच्या रक्तात तो इतका वाढत नाही, त्यामुळे तेथे साखळी थांबते. मात्र घोड्याला मेंदूज्वर होऊ शकतो. मोठ्या डुकरांमध्ये लक्षणे बहुधा दिसत नाहीत. गाभण मादीला संसर्ग झाल्यास गर्भपात होतो, मेलेली किंवा आतच वाळलेली पिल्ले जन्मतात, आणि नराची प्रजननक्षमता तात्पुरती घटू शकते.

येथे बहुतेक जण घसरतात. "जनावरे जास्त तिथे जोखीम जास्त" असे मानून गायी, म्हशी, शेळ्या आणि डुकरे यांची बेरीज एका थरात (थर म्हणजे नकाशावर एकावर एक ठेवायच्या माहितीपैकी एक प्रकार) टाकली जाते. या आजारात गाय विषाणू वाढवत नाही, पण डासाला रक्त पुरवून त्याची संख्या वाढवते, आणि त्याच वेळी डुकरावर जाणारे काही डास स्वतःकडे खेचून घेते. म्हणून गुरांची संख्या डासांच्या थरात मोजावी, यजमानांच्या थरात केवळ डुकरे व बगळ्यांच्या वसाहती ठेवाव्यात. हा एक बदल केला तरी नकाशाचे रूप पालटते.

तपासणी : साखळीतील प्रत्येक दुव्यासमोर त्याची माहिती कोणाकडून मिळेल ते लिहावे. ज्या दुव्यासमोर नाव येत नाही, तो दुवा नकाशातही कच्चा राहणार, हे आधीच नोंदवून ठेवावे.

टप्पा ३ : जनावरांची माहिती गोळा करावी

पशुगणनेचे गावनिहाय आकडे हा पाया आहे. २० वी पशुगणना २०१९ ची, तर २१ वीचे काम २०२४ च्या उत्तरार्धात सुरू झाले. जी वापराल तिचे वर्ष थराच्या नावातच लिहावे, कारण डुकरांची संख्या गायीगुरांइतकी स्थिर नसते. विक्री, एखादी साथ किंवा नगरपालिकेची मोहीम यांमुळे ती लवकर बदलते. गायी-म्हशींसाठी कानातील बारा अंकी बिल्ल्यावर आधारित भारत पशुधन प्रणालीतील नोंदी उपयोगी पडतात, परंतु मोकाट किंवा अर्धमोकाट डुकरांसाठी बिल्ल्याच्या नोंदीवर विसंबून राहू नये.

त्यानंतर प्रत्यक्ष विचारपूस. डुकरे गणनेच्या वेळी मालकाच्या दारात मोजली जातात, पण ती रात्री कुठे असतात हे आपल्याला हवे असते, कारण डास तेव्हा चावतो. ती पुष्कळदा नाल्याच्या काठी, उकिरड्याजवळ, गावठाणाच्या खालच्या अंगाला असतात. गुरांचेही तसेच आहे. सकाळी आखरावर (गुरे गोळा करण्याच्या जागी) जमून चरायला गेलेली गुरे दिवसभर दोन-तीन किलोमीटरवर असली, तरी सायंकाळी कोठ्यात बांधली जातात. म्हणून नकाशावर कोठा यायला हवा, चराईचे रान नव्हे. गायकी म्हणजे गुरे राखणारा, गावातील कोतवाल आणि डुकरे पाळणारी कुटुंबे यांच्याशी अर्धा दिवस बोलल्याने जे कळते, ते कोणत्याही तक्त्यात नसते. बगळे कोणत्या चिंचेवर किंवा बाभळीवर रात्री बसतात हेही त्याच बोलण्यात विचारून घ्यावे आणि फोनवरील जीपीएसने ती जागा टिपावी.

डुकरे पाळणारी कुटुंबे बहुधा गरीब असतात आणि सर्वेक्षणाला घाबरतात. "यानंतर आमची डुकरे उचलून नेतील" ही त्यांची भीती निराधार नसते. माहिती कशासाठी हवी ते पहिल्याच वाक्यात सांगावे, आणि घराचे नेमके स्थान प्रसिद्ध नकाशात येणार नाही असा शब्द द्यावा व तो पाळावा.

सावधान : "माहिती नाही" आणि "जनावर नाही" यांना एकाच शून्याने दाखवू नये. रिकामी चौकट रिकामीच ठेवावी आणि तिला वेगळा रंग द्यावा.

टप्पा ४ : पाणी आणि धान ओळखावे

नागपूर जिल्ह्यात या कामाचा गाभा पूर्वेकडे आहे. रामटेक, पारशिवनी, मौदा, कुही आणि भिवापूर या बाजूला धान, कालवे व तलाव अधिक. काटोल-नरखेडच्या बाजूला संत्रा आणि कापूस. म्हणून पश्चिम भागाला आपोआप "कमी" असा शिक्का मारण्याचा मोह होतो. तो मारू नये. नाले, पाझर तलाव, शेततळी आणि सांडपाण्याची डबकी तिकडेही आहेत, आणि त्यांचे मोजमाप करूनच गुण द्यावेत.

पावसाळ्यात साधी उपग्रह-चित्रे ढगांमुळे निकामी ठरतात. सेंटिनेल-२ चे चित्र १० मीटर इतके बारीक असते, पण जुलै-ऑगस्टमधील स्वच्छ चित्र हाती लागेलच असे नाही. त्यासाठी सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची चित्रे घ्यावीत. रडार ढगांतून पाहते. रोवणीच्या (धानाची रोपे लावण्याच्या) वेळी बांधीत पाणी भरलेले असते, तेव्हा रडारची लहर परत न येता पुढे निघून जाते आणि ती जागा गडद दिसते. पुढे धान वाढू लागले की तीच जागा हळूहळू उजळते. जून ते ऑक्टोबरची चित्रे ओळीने लावून हा उतार-चढ ज्या चौकटींत दिसतो, ती धानाची बांधी. सोयाबीन किंवा कापसाच्या शेतात असा गडदपणा येत नाही. एकाच तारखेच्या चित्रावर धान ठरवणे ही या टप्प्यातील सर्वांत सामान्य चूक आहे.

दुसरी चूक अशी, की जे पाणी दिसते ते सर्व डासांचे उत्पत्तिस्थान मानले जाते. तोतलाडोह किंवा नवेगाव खैरीच्या जलाशयाचा मध्यभाग खोल व लाटांचा असतो. तेथे या डासांच्या अळ्या टिकत नाहीत. टिकतात त्या काठाच्या उथळ, गवताळ पट्ट्यात आणि कालव्याच्या गळतीत. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांचे राखेचे तलाव उपग्रहाला पाणीच दिसतात, पण त्यांना शिंगाड्याच्या बोडीइतके गुण देणे चुकीचे ठरेल. म्हणून पाण्याचे निदान तीन प्रकार करावेत : उथळ व वनस्पतीयुक्त, उघडे व खोल, आणि औद्योगिक किंवा खाणींतील. पहिल्याला पूर्ण गुण, दुसऱ्याला फक्त काठाच्या पट्ट्यापुरते, तिसऱ्याला प्रत्यक्ष पाहून.

बांधीतील धोकाही सर्वकाळ सारखा नसतो. रोवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाण्यावर ऊन पडते, धान लहान असते, आणि तेव्हा अळ्या भरपूर सापडतात. पीक दाटले, पाण्यातील भक्षक कीटक वाढले की त्या घटतात. त्यामुळे "धानाचे क्षेत्र" हा एक थर पुरेसा नाही. रोवणीचा पंधरवडा हा दुसरा थर लागतो. तो रडारच्या चित्रांतून काढता येतो आणि कृषी सहायकाकडून पडताळता येतो. कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान होत असेल, तर त्या गावांचा नकाशा वेगळ्या महिन्यांसाठी स्वतंत्र काढावा.

तपासणी : निदान पंधरा-वीस ठिकाणी स्वतः जाऊन पाहावे. नकाशाने ज्याला धान म्हटले ते खरेच धान आहे का, ज्याला तळे म्हटले त्यात पाणी आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे वळू नये.

टप्पा ५ : हवामान आणि वेळेचा विलंब

सोनेगावच्या वेधशाळेतील पावसाचा आकडा संपूर्ण जिल्ह्याला लावलेला पुष्कळदा दिसतो. एकाच दिवशी हिंगण्यात मुसळधार पाऊस आणि कुहीत कोरडे, असे पावसाळ्यात नित्य घडते. महसूल मंडळ पातळीवरील पर्जन्यमापकांच्या नोंदी घ्याव्यात. त्या अपुऱ्या असतील तर उपग्रहावर आधारित पावसाचे चौकटीनिहाय आकडे वापरावेत, मात्र त्यांची चौकट सुमारे ५ किलोमीटरची असते, हे लक्षात ठेवावे.

पाऊस पडला आणि त्याच आठवड्यात आजार आला, असे होत नाही. पाणी साचते, अंड्यापासून डास होईपर्यंत उष्ण हवेत साधारण दहा दिवस ते दोन आठवडे जातात. त्या डासाने संसर्गित पक्ष्याचे किंवा डुकराचे रक्त घेतल्यावर विषाणू त्याच्या लाळेपर्यंत पोचायला आणखी एक-दोन आठवडे लागतात. त्यानंतर तो नव्या जनावराला चावतो. असे एक-दोन फेरे झाल्याखेरीज विषाणूचे प्रमाण जाणवत नाही. म्हणून सप्टेंबरच्या जोखमीसाठी जुलै-ऑगस्टचा पाऊस घ्यावा, सप्टेंबरचा नव्हे. चार, सहा आणि आठ आठवड्यांचे विलंब वेगवेगळे लावून पाहावेत आणि जो निवडाल त्याचे कारण लिहून ठेवावे.

सावधान : अतिवृष्टी अळ्या वाहून नेते. पावसाच्या एकूण मिलिमीटरपेक्षा "पाणी साचून राहिलेले सलग दिवस" हे माप अधिक खरे उत्तर देते.

टप्पा ६ : सर्व थर एका साच्यात आणावेत

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि बहुतेक नकाशे येथेच बिघडतात.

१. सर्व थर एकाच प्रक्षेपणात (पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आणावेत. नागपूर जिल्हा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४४ उत्तर या पट्ट्यात येतो; क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४४ निवडावा. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत ठेवलेल्या थरावर "दोन किलोमीटरचे वर्तुळ" काढता येत नाही.

२. चौकटीचा आकार ठरवावा. ५०० मीटरची चौकट या कामाला बरी. जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे ९,८९२ चौरस किलोमीटर असल्याने जवळपास ४० हजार चौकटी होतात, आणि साधा संगणकही तेवढे पेलतो. १० मीटरच्या धानाच्या चित्राचे ५०० मीटरला रूपांतर करताना चौकटीतील धानाची टक्केवारी काढावी. जवळच्या एका ठिपक्याचे मूल्य उचलू नये. उलट, ५ किलोमीटरचा पाऊस ५०० मीटरच्या चौकटीत भरल्याने तो अधिक अचूक होत नाही.

३. जिल्ह्याच्या सीमेबाहेर निदान ५ किलोमीटरची पट्टी घ्यावी. भंडारा, चंद्रपूर, वर्धा, अमरावती आणि मध्य प्रदेशाकडील बांध्या-तलाव वगळले, तर कुही किंवा मौद्याच्या कडेची गावे खोटीच सुरक्षित दिसतात. शेवटी नकाशा छापताना ती पट्टी कापून टाकता येते.

४. पाण्याभोवती डासाच्या उडण्याच्या अंतराएवढा प्रभाव दाखवावा. हे डास प्रायः एक-दोन किलोमीटरच्या आत असतात, क्वचित पुढेही जातात. म्हणून अंतराबरोबर गुण हळूहळू घटवावेत. दोन किलोमीटरवर एकदम शून्य करू नयेत.

टप्पा ७ : प्रत्येक थराला शून्य ते एक असे गुण द्यावेत

थर वेगवेगळ्या मापांत असतात : अंश सेल्सिअस, टक्के, संख्या, दिवस. त्यांना एका मापात आणताना लहानातल्या लहान मूल्याला शून्य आणि मोठ्यातल्या मोठ्याला एक देऊन मधली सरळ रेषा ओढली जाते. तापमानासाठी ही रेषा घातक आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सरळ रेषेने मोजले तर मे हा सर्वाधिक जोखमीचा महिना ठरतो, जेव्हा बांध्या कोरड्या असतात आणि प्रौढ डास फार दिवस जगत नाही. तापमानाचे गुण थंडीत कमी, पंचवीस ते तिशीच्या आसपास सर्वाधिक आणि तीव्र उष्णतेत पुन्हा कमी, असे चढ-उताराचे असावेत. डुकरांच्या संख्येलाही सरळ रेषा नको. शंभर डुकरांची एक वस्ती आल्याने पाच-दहा डुकरांची पन्नास गावे शून्याजवळ दाबली जातात. त्यासाठी लॉगरिदम (मोठ्या आकड्यांमधील अंतर आखडणारे गणित) घेऊन मग गुण द्यावेत.

तपासणी : प्रत्येक थर एकट्याने उघडून पाहावा. त्या भागात काम केलेल्या पशुधन विकास अधिकाऱ्याला तो दाखवावा. "हे असे नाही" असे ते म्हणाले, तर त्यांचे ऐकून मूळ माहिती पुन्हा पाहावी.

टप्पा ८ : थर एकत्र करणे — येथे बेरीज करू नये

सर्व थरांना भार (महत्त्वानुसार कमी-अधिक वजन) देऊन बेरीज करणे सोपे असते आणि म्हणूनच तेच केले जाते. परंतु साखळीतील एखादा दुवा तुटला तर आजार थांबतो, आणि बेरजेला ते कळत नाही. उदाहरणार्थ, समजा गाव 'क' मध्ये डासांचे गुण ०.९, यजमानांचे ० आणि संपर्काचे ०.६ आहेत, सरासरी ०.५ येते. गाव 'ख' मध्ये तिन्ही गुण ०.५ आहेत, सरासरी तीच. नकाशात दोन्ही गावे एका रंगात दिसतील, वास्तविक 'क' मध्ये विषाणू वाढवणारा यजमानच नाही. हेच तीन गुण गुणून घनमूळ काढले, तर 'क' शून्यावर येते आणि 'ख' ०.५ वर राहते.

म्हणून काम दोन पायऱ्यांत करावे. पहिल्या पायरीत, एकाच दुव्याच्या आतील थर भार देऊन जोडावेत; बांधी, बोडी आणि कालव्याची गळती ही एकमेकांची जागा घेऊ शकतात, तेथे बेरीज योग्य आहे. दुसऱ्या पायरीत, डास, यजमान आणि संपर्क हे तीन दुवे गुणाकाराने जोडावेत. संपर्कात डुकरे रात्री उघड्यावर असतात की बंदिस्त, कोठा पाण्यापासून किती दूर आहे आणि माणसांची वस्ती त्यांना किती लागून आहे, हे घ्यावे.

गुणाकाराचाही एक धोका आहे, आणि तो मला बेरजेच्या चुकीहून अधिक गंभीर वाटतो. एखाद्या गावातील डुकरांची नोंदच झाली नसेल, तर शून्याने गुणल्यावर ते गाव नकाशावरून पुसले जाते. शिवाय डुकरे नसली तरी बगळ्यांमध्ये विषाणू फिरू शकतो. म्हणून यजमानांच्या गुणांना ०.०५ इतका किमान आधार ठेवावा, आणि माहिती नसलेल्या चौकटी गुणाकारातच घेऊ नयेत.

भार ठरवताना एकट्याने बसू नये. पशुवैद्यक, कीटकशास्त्रज्ञ, जिल्हा हिवताप कार्यालयातील अनुभवी कर्मचारी आणि शक्य असेल तर एखादा जाणता शेतकरी यांना स्वतंत्रपणे विचारावे व मग मते जुळवावीत. नागपुरात पशुवैद्यक महाविद्यालय, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आणि महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र एकाच शहरात आहेत. जनावरांचे व उपग्रहाचे ज्ञान एका टेबलावर आणण्याची अशी सोय फार थोड्या जिल्ह्यांना आहे, ती वापरलीच पाहिजे. त्यानंतर प्रत्येक भार थोडा कमी-अधिक करून नकाशा पुन्हा काढावा. भार जरासा हलवल्याने पहिली वीस गावे बदलत असतील, तर तो नकाशा अद्याप विश्वासार्ह नाही.

टप्पा ९ : शिवारात पडताळणी

आजाराच्या जुन्या नोंदी आपण नकाशा बनवताना बाजूला ठेवल्या. त्या येथे कामाला येतात, पण जपून. नागपूर हे विदर्भाचे आणि लगतच्या राज्यांतील भागाचेही उपचारकेंद्र आहे. माणसांतील रुग्णाची नोंद रुग्णालयाच्या पत्त्यावर असेल, तर शहराच्या मध्यभागी ठिपक्यांची गर्दी होते. रुग्णाचे गाव, आणि लक्षणे सुरू होण्यापूर्वीच्या ५ ते १५ दिवसांत तो जिथे राहिला ते ठिकाण, हेच ग्राह्य धरावे. जनावरांबाबतही विक्रीने आलेल्या जनावराचे मूळ गाव विचारावे.

नवे नमुने घेताना जास्त, मध्यम आणि कमी अशा तिन्ही वर्गांतून चिठ्ठ्या टाकून गावे निवडावीत. फक्त लाल गावांत गेल्यास नकाशा नेहमीच बरोबर ठरतो, कारण तो चुकीचा असण्याची संधीच दिलेली नसते.

डास पकडण्यासाठी प्रकाश-सापळा डुकरांच्या किंवा गुरांच्या जागेजवळ, दिवस मावळण्यापूर्वी लावून उजाडल्यावर काढावा. पौर्णिमेच्या आसपास आणि जोराच्या पावसात संख्या घटते, म्हणून सर्व गावांत सारख्या परिस्थितीत सापळे लावावेत. डासांची जात ओळखूनच संख्या लिहावी. एका रात्रीत हजार डास मिळाले आणि ते सर्व गटारातील क्युलेक्स क्विन्क्विफॅशिएटस असतील, तर त्या आकड्याने बांधीबद्दल काही सिद्ध होत नाही.

रक्तासाठी मागील हंगाम न पाहिलेली डुकरे निवडावीत. फार लहान पिल्लांत आईच्या चिकातून आलेली प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी रक्तातील प्रथिने) असतात, ती पहिले काही महिने टिकतात आणि दिशाभूल करतात. मागील हिवाळ्यात किंवा त्यानंतर जन्मलेली, पण आईची प्रतिपिंडे ओसरलेली डुकरे ऑक्टोबरमध्ये तपासली, तर त्यांतील प्रतिपिंडे याच पावसाळ्याची साक्ष देतात. जुन्या मादीच्या रक्तातील प्रतिपिंडे कोणत्या वर्षीची, हे सांगता येत नाही.

सावधान : जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल हा दुसरा डासजन्य आजार यांचे विषाणू जवळचे असल्याने, प्रतिपिंडे शोधणाऱ्या एलायझा चाचणीत एकमेकांशी गल्लत होऊ शकते. निवडक नमुन्यांची उदासीनीकरण चाचणीने (प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात ते पाहणाऱ्या चाचणीने) खात्री करून घ्यावी. रक्त पशुवैद्यकानेच, मालकाच्या संमतीने आणि हातमोजे घालून घ्यावे.

टप्पा १० : दुसऱ्या आजारासाठी हाच साचा बदलताना

तिवा, म्हणजे गायी-म्हशींना येणारा तीन दिवसांचा ताप, हा डास आणि क्युलिकॉइडिस जातीच्या अतिशय बारीक चावऱ्या माश्या यांच्यामार्फत पसरतो. येथे डुकरांचा व बगळ्यांचा थर काढून टाकावा; गायी-म्हशी यजमान होतात, आणि धष्टपुष्ट व दुभत्या जनावरांना त्रास अधिक होत असल्याने त्यांची संख्या वेगळी घ्यावी. माश्या शेणमिश्रित ओल्या चिखलात वाढतात, म्हणून कोठ्यांभोवतीची ओल, उकिरडे आणि म्हशी लोळतात ती डबकी यांना बांधीइतकेच महत्त्व येते. जनावर दोन-तीन दिवसांत उठून उभे राहते, त्यामुळे नोंद फार कमी होते. दूध संकलन केंद्रावरील दुधाची अचानक घट हा तेथे चांगला सुगावा ठरतो.

लम्पीत डास, गोचीड आणि चावऱ्या माश्या विषाणू एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात, पण दूरच्या गावी तो पोचतो तो बहुधा जनावरांच्या वाहतुकीने. म्हणून तेथे बैलबाजार, वाहतुकीचे रस्ते आणि पोळ्याला होणारी जनावरांची गर्दी यांचा थर अग्रभागी येतो, तसेच लसीकरणाची तारीख व टक्केवारी हा स्वतंत्र थर लागतो. जपानी मेंदूज्वराचा नकाशा लम्पीसाठी वापरणे म्हणजे चुकीच्या गावाला दिलासा देणे होय.

टप्पा ११ : नकाशा रंगवणे आणि हाती देणे

पाचाहून अधिक वर्ग करू नयेत. वर्गांच्या सीमा सॉफ्टवेअरवर सोडल्या, तर दरवर्षी त्या बदलतात आणि मागील वर्षीशी तुलना करता येत नाही. एकदा ठरवून कायम ठेवाव्यात. माहिती नसलेल्या चौकटी राखाडी रंगाच्या असाव्यात. नकाशाखाली आजाराचे नाव, महिने, पशुगणनेचे वर्ष, उपग्रह-चित्रांच्या तारखा आणि पावसाचा विलंब ठळक अक्षरांत लिहावा.

गावपातळीवर देताना वस्तीचे किंवा समाजाचे नाव नकाशावर नसावे. घर दिसेल इतका बारीक नकाशा फक्त कामाच्या पथकाकडे राहावा. पशुधन विकास अधिकाऱ्याला रंगीत चित्राबरोबर गावांची क्रमवार यादी द्यावी आणि प्रत्येक गावासमोर जोखीम कोणत्या दुव्यामुळे वाढली ते एका ओळीत लिहावे, कारण उपाय त्यावरच ठरतो. कालव्याच्या गळतीमुळे असेल तर पाटबंधारे विभागाशी बोलावे लागेल. डुकरे रात्री नाल्याकाठी असतात म्हणून असेल तर मच्छरदाणीच्या जाळीचा निवारा आणि वस्तीपासूनचे अंतर यावर मालकाशी बोलावे लागेल. बोडीमुळे असेल तर गप्पी मासे सोडता येतील. बांधीतील पाणी मध्येमध्ये आटू देण्याने अळ्या मरतात, पण ते शेतकऱ्याच्या पाण्याच्या पाळीवर अवलंबून असल्याने कृषी विभागाला सोबत घेऊनच सुचवावे.

नकाशा तीन वेळा नव्याने काढावा लागतो : रोवणी आटोपल्यावर ऑगस्टच्या मध्यात, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि ऑक्टोबरमध्ये रक्ताचे निकाल आल्यावर. प्रत्येक आवृत्तीला तारीख घालून जुनी फाईल जपून ठेवावी, आणि पडताळणीत कमी जोखमीच्या गावात सापडलेल्या प्रत्येक बाधित डुकराची चौकट पुन्हा उघडून, कोणत्या थरात गुण कमी पडले ते तिथल्या तिथे नोंदवावे.